न भाजलेले पाये

मेडिकल कॉलेजने डॉ. साळव्यांना फसवलं. ते गेले, आता कशाला बोलायचं, असं मला नगरातले चार लोक सांगून गेले. मी बोलणार.

ते गेले त्या रविवारी माझ्या मटणाच्या दुकानात त्यांच्या वर्गासाठीची पिशवी बांधून तयार होती. न्यायला येणाऱ्या विद्यार्थिनीचा फोन आला, “चाचा, सर गेले.” पिशवी हातातच राहिली...

डॉक्टर पहिल्यांदा बकऱ्याचे पाये न्यायला आले, तेव्हा मी नेहमीसारखे भाजून, खरवडून दिले. दुसऱ्या दिवशी पिशवी घेऊन परत! “रहीमभाई, पोरांना कातडीवर टाके घालायला शिकवायचंय. तुम्ही तर सुपाची तयारी करून दिलीत.” मी भडकलो, “मग आधी बोलायचं! इथं पाये लोक खायलाच नेतात.” ते हसत राहिले. दुसऱ्याच्या दुकानात सुरी चालवून मी वर आलो, घासाघीस केल्याशिवाय सौदा सोडत नाही. कातडी राखून, केस वस्तऱ्याने काढून पाये देईन, पण मला तो रविवारचा टाक्यांचा वर्ग बघू द्यायचा, अशी अट घातली. बायको गेल्यापासून रविवारची दुपार मला खायला उठायची.

वर्गातलं खिडकीजवळचं स्टूल माझं झालं. एकदा डॉक्टर एका पोरीला म्हणाले, “ताई, चिमट्यानं कातडी आवळू नकोस, कड हलकेच उचल.” ती पोरगी म्हणाली, “सर, बकरा मेलाय.” डॉक्टर म्हणाले, “पुढचा माणूस जिवंत असणार हाय की!” टाका जास्त ओढला गेला, तर कापून पुन्हा घालायला लावायचे. ओरडले मात्र कधीच नाहीत. ओरडायला मी होतो.

शेवटच्या भेटीत ते अंथरुणात होते. कॉलेजचे प्राचार्य आले. डॉक्टरांनी विचारलं, “माझ्यामागे रविवार चालू ठेवाल?” प्राचार्यांनी माझ्यादेखत त्यांचा हात हातात घेतला. “शब्द देतो, सर.” प्राचार्य बाहेर पडल्यावर डॉक्टर माझ्याकडे वळून म्हणाले, “सौदा पक्का, रहीमभाई...”

डॉक्टर गेले आणि महिन्याच्या आत वर्गाच्या खोलीला कुलूप लागलं. पोरं आता पडद्यावर टाके बघतात. शिपाई म्हणाला, “सायेब म्हनले, वास येतो.”

अजूनही रविवारी मी चार पाये न भाजता बाजूला काढतो. दुपार टळली की भाजायला घेतो, पण तसेच परत पिशवीत बांधून ठेवतो. प्राचार्यसाहेब, तो हात तुम्ही कशाला धरला होतात? उत्तर माझ्या दुकानात येऊन द्या. पिशवी बांधलेली आहे.