आईच्या लुगड्याच्या घड्या
सरकीचा तेलकट वास आला की मला वडनेरचं सासर आठवतं. वेचणीचे दिवस होते, ओसरीवर आढ्यापर्यंत कापूस रचलेला, आणि माझी पंधरा दिवसांची लेक लंगोट बदलून होत नाही तोच पुन्हा ओली. बाळाच्या लंगोटात आईकडच्या आजीच्या जुन्या लुगड्याच्या घड्या घालायच्या, ही आमच्याकडची रीत. पण माझी आई त्याच पावसाळ्यात वारली होती. तिचं एकच लुगडं माझ्या पेटीत होतं, आणि त्याला अजून तिचा वास येत होता. ते फाडायला हात धजेना. घरात एवढा कापूस असताना कापड कशाला, म्हणून मी सरकी काढून मूठभर कापूसच लंगोटात घातला. त्यानं थेंबही धरला नाही. संध्याकाळपर्यंत पोरीच्या मांड्या लालभडक झाल्या, आणि तिच्यासोबत मीही रडत बसले. सासूबाई शेतातून आल्या. “अवं, कच्चा कापूस पाणी पीत नाही. जुनं नरम लुगडं नाही काय तुयाजवळ?” “हाव, आहे,” म्हणताना मला हुंदका फुटला. त्यांनी पेटी उघडली, लुगडं नाकाशी नेलं आणि माझ्या हातात दिलं. मीच ते फाडलं. त्या घडीवर पोर शांत झोपली. सकाळी तुकडे धुतले, तेव्हा आईचा वास मोरीतून वाहून गेला. आता नातसून लंगोटात घालायच्या विकतच्या पट्ट्या समोर मांडून विचारते, “आजी, यातली कोणती जास्त शोषेल?” मी एकेक पट्टी उचलते, नाकाशी नेते आणि खाली ठेवते.