डावा खटका, उजवा पत्रा

माझ्या धाकट्या दिराने बँकेची नोकरी मुदतीआधी सोडली आणि एक जुनी वेगवान मोटरबोट विकत घेतली, तेव्हा तंजावरच्या राजवाड्यामागच्या आमच्या गल्लीत कोणाला खरं वाटेना. आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या मास्तर झाले, कारकून झाले, एकजण वीणा शिकवायचा. पण समुद्रावर पोट भरणारा हा पहिलाच. मल्लिपट्टिनमच्या धक्क्यावरून तो पाण्यात बुड्या मारायला शिकणाऱ्या विद्यार्थ्यांना समुद्रतळाचं गवत पाहायला नेऊ लागला.

एके सकाळी मी इडलीचं पीठ ढवळत होते, आणि त्याचा फोन आला.

"वैनी, बोट पळायला लागली की नाक आभाळात जातं. पुढचं काही दिसत नाही. शिवाय डावीकडे कलते."

"डावीकडे काय ठेवलंय?"

"हवेच्या टाक्या. दुसरीकडे जागाच नाही. मी ट्रिम टॅब मागवलेत, बोटीचा तोल साधणारे पत्रे, तेलाच्या दाबावर चालणारे. बसवायला तुम्ही या."

मी पॉलिटेक्निकमध्ये तीस वर्षं हायड्रॉलिक्स शिकवलं. ट्रॅक्टरचा लिफ्ट, जेसीबीचा हात, सगळं उघडून पुन्हा जोडलेलं. बोटीला मात्र कधी हात लावला नव्हता. निवृत्तीला दोन वर्षं होऊन गेली होती आणि हात शिवशिवत होते. "येते," म्हटलं आणि पान्यांची पेटी काढली.

ओरत्तनाडूमार्गे बसने मल्लिपट्टिनमला पोचले तेव्हा बोट किनाऱ्यावर लाकडी ठोकळ्यांवर चढवून ठेवली होती. खोकं उघडलं. आत हातभर रुंदीचे दोन पोलादी पत्रे, त्यांना बिजागऱ्या, दोन बारीक सिलिंडर, एक छोटा पंप आणि नायलॉनच्या नळ्या. काम सोपं होतं. बोटीच्या मागच्या उभ्या भिंतीला, तळाशी, दोन बाजूंना दोन पत्रे टांगायचे. पंपाने तेल ढकललं की सिलिंडर लांबतो आणि पत्रा खाली वाकतो. धावत्या बोटीखालचं पाणी त्या पत्र्यावर आदळतं आणि मागची बाजू उचलतं. मागचं वर गेलं की पुढचं नाक आपोआप खाली.

बोट चालवणारे अण्णा साठीचे, जन्मापासून समुद्रावरचे. मी ड्रिल हातात घेतल्यावर ते पुढे आले आणि तमिळमध्ये म्हणाले, "टीचरम्मा, धडधाकट बोटीला पाण्याखाली भोकं पाडायची?"

"पाडून बुजवायची, अण्णा."

त्यांनी समुद्राकडे तोंड करून हात जोडले आणि मग स्वतःच पत्रा धरून उभे राहिले. प्रत्येक भोकात मी बोटभर सीलंट भरलं, तरी ते वाकून वाकून बघतच होते.

दुपारपर्यंत सगळं जोडून झालं. सुकाणूच्या चाकाजवळ दोन खटके बसवले, एक डावा, एक उजवा. डावा दाबला. पंप घुरघुरला आणि उजवा पत्रा खाली गेला! उजवा दाबला, तर डावा.

"तारा उलट्या रंगवल्यात कारखान्यात," मी ठासून सांगितलं. दिराने माहितीपुस्तक पुढे केलं. "आधी वाचूं या का, वैनी?"

"अरे, डाव्याने डावं हलायला पाहिजे, हे वाचायला कशाला लागतं?" मी तारा अदलाबदल केल्या. आता डाव्याने डावा पत्रा हलू लागला. माझं समाधान झालं.

दुसऱ्या सकाळी बोट पाण्यात उतरवली. टाक्या नेहमीसारख्या डावीकडे. अण्णांनी वेग वाढवला, नाक वर गेलं, बोट डावीकडे कलली. दिराने अण्णांना शिकवून ठेवलं होतं: ज्या बाजूचं नाक खाली हवं, तो खटका दाबायचा. अण्णांनी उजवा दाबला.

बोट आणखीच डावीकडे झुकली. माझी पान्यांची पेटी घसरत जाऊन टाक्यांवर आदळली, मागोमाग लिंबूभाताचा डबा, आणि त्यामागे मी. दीर रेलिंगला लटकून ओरडत होता, "वैनी, हें काय जालें?"

अण्णांनी वेग उतरवला. कोणाला लागलं नव्हतं. क्षणभर ते खटक्यांकडे बघत बसले, मग त्यांनी पुन्हा वेग दिला आणि या वेळी डावा खटका हलकेच दाबला. बोट हळूहळू सरळ झाली.

"उलटं दाबलं की सरळ होते," ते म्हणाले. "का, टीचरम्मा?"

मी माहितीपुस्तक मागून घेतलं. तिसऱ्याच पानावर चित्रासकट लिहिलं होतं: खटक्यांची नावं पत्र्यांची नसून नाकाची आहेत. उजवा पत्रा खाली गेला की बोटीची उजवी मागची बाजू उचलली जाते, आणि भार तिरक्या रेषेत समोरच्या कोपऱ्यावर, म्हणजे डाव्या नाकावर येतो. म्हणून डावं नाक दाबायचं तर उजवाच पत्रा हलला पाहिजे. कारखान्याने बरोबरच जोडलं होतं. बिघडवलं मी.

"आधी वाचा, मग पान्याला हात लावा," हे वाक्य मी वर्गात किती मुलांना ऐकवलं असेल! मी तसं कबूल केल्यावर दीर इतका हसला की त्याला खाली बसावं लागलं. अण्णा नुसते मिशीत हसले. तिथेच, डोलत्या बोटीत, मी खटक्यांमागचं झाकण उघडून तारा पूर्ववत केल्या.

मग अण्णांनी बोट सोडली. आधी दोन्ही खटके, मग उजवा थोडा जास्त. नाक खाली आलं, बोट समतोल झाली, आणि समोरचा सगळा समुद्र काचेतून दिसायला लागला. दूरच्या जाळ्यांचे तरंगते गोळेसुद्धा मोजता येत होते. दिराने फ्लास्कमधून कॉफी ओतली. टंबलर धरून उभा राहिला, थेंब सांडला नाही.

मी म्हटलं, "अजून दाबून बघूं." अण्णांनी दाबलं, तर नाक पाण्यात खुपसू लागलं आणि चाक हातात जड झालं. त्यांनी लगेच पत्रे थोडे वर घेतले. "मिठासारखं आहे हे," म्हणाले. "कमी पडलं तर घालता येतं." मागून लाटा येत असताना पत्रे पूर्ण वर घ्यायचे, हे पुस्तकात होतं; पण मध्येच तशा लाटा आल्या तेव्हा मी वाचून दाखवण्याआधीच अण्णांनी ते करून टाकलं होतं.

परतीच्या वाटेवर त्यांनी चाक माझ्या हातात दिलं. मी घाबरत एक खटका दाबला, बोटीने अदबीने मान तुकवली, आणि मला अनावर हसू आलं. साठीच्या उंबरठ्यावर, तंजावरच्या गल्लीतली मी बाई, बंगालच्या उपसागराच्या पाण्यावर बोट हाकत होते. दीर ओरडत होता, "डावीकडे, वैनी, डावीकडे!" आणि मी मुद्दाम त्याचं ऐकत नव्हते.