ताईची पन्नास कार्डं

माझी थोरली बहीण सार्वजनिक वाचनालयाच्या तळघरात सव्वीस वर्षं फाटकी पुस्तकं बांधते आहे. तळघरात एक लांब टेबल, पुस्तकं दाबायला एक लोखंडी प्रेस, सुया, दोरा आणि खळ शिजवायचं पातेलं. हाताखाली कोणी नाही. वरच्या मजल्यावरच्या निम्म्या लोकांना ती तिथे असते हेच ठाऊक नव्हतं आणि ते कळवायची तसदी ताईनं कधी घेतली नाही. दिवसाकाठी ती चाळीसेक शब्द बोलत असेल, त्यातले दहा खळीला उद्देशून.

मी तिचा धाकटा भाऊ. मी पाण्याचे पंप विकतो, म्हणजे बोलतो. बोलणाऱ्याची माती खपते, न बोलणाऱ्याचे गहूही खपत नाहीत, हे मी ताईला वर्षानुवर्षं ऐकवत आलो. ती म्हणायची, "असेल."

मग वाचनालयात नवे ग्रंथपालसाहेब आले. ते तळघरात उतरले, प्रेसला हात लावला, तो हात रुमालाला पुसला आणि म्हणाले, "बाई, हल्ली पुस्तक फाटलं की नवं घेतात. हा विभाग मला बंद करावा लागेल. तुम्ही वर खिडकीवर बसा, लोकांना ओळखपत्रं द्या." एवढं बोलून झाल्यावर त्यांना ताईच्या चेहऱ्याकडे बघवेना, म्हणून त्यांनी खिशातून एक पत्रक काढलं. परदेशात दर उन्हाळ्यात सहा आठवड्यांचा ग्रंथबांधणीचा अभ्यासक्रम असतो, त्याचं. शिष्यवृत्तीही होती. "या उन्हाळ्यात इथे जा. देशोदेशीचे लोक येतात. चार ओळखी करून आणा. बाहेरची कामं येऊ लागली तर विभाग ठेवता येईल. पुढच्या उन्हाळ्यापर्यंत थांबतो मी."

ताई घरी आली, जेवली आणि हात धुताना म्हणाली, "मला खिडकीवर बसवणारेत." मग नळ तसाच वाहता ठेवून आत गेली. ताई नळ कधी विसरत नाही.

अर्ज मी भरला. कोट मी घेऊन दिला. पन्नास व्हिजिटिंग कार्डंही मीच छापून घेतली, जाड, पांढरीशुभ्र, एक नंबर कागदाची. त्यावर ताईचं नाव, ग्रंथबांधणी, वाचनालयाचा पत्ता आणि माझा ईमेल, कारण तिला नव्हता. आठवडाभर आरशासमोर उभं करून तिच्याकडून सराव करून घेतला. हसायचं, नाव सांगायचं, कार्ड द्यायचं, समोरच्याचं घ्यायचं.

"आधी हसू की आधी कार्ड देऊ?" तिनं विचारलं.

"एकदमच कर."

तिनं करून दाखवलं. मी म्हटलं, "हसू नकोस."

दर रविवारी मी फोन करायचो. पहिल्या रविवारी ती म्हणाली, "इथे एकजण रोज सरस जाळतो." मी विचारलं, "कार्डं?" "आठ संपली." माझा आनंदानं विश्वासच बसेना. तिसऱ्या रविवारी सव्वीस संपली होती. पाचव्या रविवारी ती आपणहून म्हणाली, "पन्नासही संपली. आणखी हवी होती." मी ही बातमी बायकोला, शेजाऱ्यांना, न्हाव्याला आणि ग्रंथपालसाहेबांना सांगितली. न्हाव्याला दोनदा सांगितली.

ताई परत आली त्या दिवशी मीच तिची बॅग उघडली. आत कोट होता, घडीसुद्धा न मोडलेला. एक वही होती, दोऱ्याची दोन रिळं होती. लोकांची कार्डं कुठेच नव्हती.

"कुणी दिली नाहीत," ती म्हणाली.

"मग तुझी तू कुणाला दिलीस?"

"कुणालाच नाही. तिथला पुठ्ठा हलका होता, ओल लागली की फुगायचा. तुझी कार्डं चांगली. जाड पुस्तकाच्या कण्यात आतून दोन उभी बरोब्बर बसतात. पंचवीस पुस्तकं झाली."

म्हणजे बाईनं स्वतःचं नाव, पत्ता आणि माझा ईमेल पंचवीस पुस्तकांच्या पाठीत घातला, वरून कापड चिकटवलं आणि ती पुस्तकं तिथेच ठेवून आली! मी कपाळावर हात मारला. कार्डानं माणसं दारं उघडतात, तू ती भिंतीत चिणलीस, असं काहीबाही मी बराच वेळ बोललो. ताईनं मध्ये एकदा तोंड उघडलं, पण मी थांबलो नाही. शेवटी म्हणालो, "बस मग खिडकीवर. तेवढीच तुझी लायकी."

ती बॅग उचलून आत गेली. ते वाक्य मला आजही टोचतं, आणि टोचायलाच हवं.

वर्ष गेलं. बाहेरचं एकही काम आलं नाही. उन्हाळा निम्मा सरला तेव्हा साहेबांनी प्रेस हलवायला माणसं सांगितली. ती यायची होती त्या सकाळी मी पंपांची पत्रं बघायला ईमेल उघडला, तर परदेशातून ताईच्या नावे एक पत्र. अभ्यासक्रमाच्या मुख्य शिक्षिकेचं.

त्या शाळेची एक रीत होती. एका उन्हाळ्यात बांधलेल्या पुस्तकांची बांधणी पुढच्या उन्हाळ्याचे विद्यार्थी सोडवतात. जुनं पुस्तक इजा न करता उघडता आलं, तरच नव्याला हात लावायचा. शिक्षिकाबाईंनी लिहिलं होतं, 'बाकीच्यांची पुस्तकं सोडवताना कण्याबरोबर पानंही निघाली. तुमची पंचवीस मात्र ओलं फडकं ठेवल्यावर पंधरा मिनिटांत सुटली, एक पान दुखावलं नाही. प्रत्येकात तुमची दोन कार्डं मिळाली, ती आता नऊ देशांतल्या विद्यार्थ्यांच्या खिशात आहेत. तुम्ही खळ कशी शिजवता? तीन वाचनालयांना आपली जुनी पुस्तकं तुमच्याकडे पाठवायची आहेत.' त्याखाली तशीच आणखी सहा पत्रं येऊन पडली होती.

मी चपला न घालता वाचनालय गाठलं. साहेबांना फोन दाखवला. त्यांनी पत्र दोनदा वाचलं, प्रेसवाल्या माणसांना परत पाठवलं आणि म्हणाले, "बाईंना सांगा, विभाग राहतोय." मग म्हणाले, "नको, मीच सांगतो," आणि माझ्याआधी जिना उतरले.

ताई सुया वर्तमानपत्रात गुंडाळत होती. साहेबांचं ऐकून तिनं मान डोलावली आणि पुडकं परत सोडायला घेतलं. साहेब वर गेले तशी मी विचारलं, "ती पुस्तकं सोडवतात, हे तुला ठाऊक होतं?"

"पहिल्याच दिवशी सांगितलं होतं त्यांनी."

"मग त्या दिवशी मला का नाही बोललीस?"

"तू ओरडत होतास."

मला रडू आलं, अगदी हमसून. मी म्हटलं, "ताई, मी तुझी लायकी काढली..."

"पायात काही नाही तुझ्या," ती म्हणाली. "खाली सुया आहेत. स्टुलावर बस." मग पातेल्यात पीठ घेतलं, पाणी ओतलं आणि ढवळता ढवळता म्हणाली, "आणखी शंभर छाप. कागद तोच घे."