आखनमधली एकेचाळिसावी कविता

जर्मनीतल्या आखनला उतरले तेव्हा माझ्या बॅगेत मेतकूट, भाकरवडी आणि चाळीस कवितांचा मराठी अनुवाद होता. कवयित्री नोरा, आयरिश. लग्न करून इथे आली, शिकवण्या करत जगली आणि इथेच वारली. तिचं एकच पातळ पुस्तक, तेही मरणानंतर मैत्रिणीने छापलेलं. तिच्या देशातही तिला फारसं कोणी ओळखत नाही. पुण्यात तिची एकमेव चाहती मी, इंग्रजीची निवृत्त शिक्षिका. तिची शेवटची चार ओळींची कविता फक्त तिच्या थडग्यावर कोरलेली आहे, असं मैत्रिणीने प्रस्तावनेत लिहिलं होतं. ती मैत्रीणही आता हयात नाही. त्या चार ओळी उतरवून घ्यायलाच मी आले होते.

माझी मुलगी मुक्ता इथे इंजिनिअर आहे. तिच्या घरापासून फ्रीडहोफ (दफनभूमी) बसने तीन थांब्यांवर. गेल्या वर्षी ती फोनवर म्हणाली होती, "आई, डिजिटल कॅमेरा घेतलाय. दगडाचा फोटो मेल करू का?" मी नको म्हटलं. इतकी वर्षं नोराचे शब्द उशाशी घेऊन झोपल्यावर त्या ओळी आधी मीच वाचणार, असा माझा हट्ट.

पहिल्याच सकाळी निघालो. चढाचे रस्ते, सायकली, बेकरीतला गरम पाव. दफनभूमी एखाद्या बागेसारखी देखणी. पुस्तकात दिलेल्या रांगेत, दिलेल्या जागी पोचलो, तर तिथे नुसतं गवत.

जवळच एक म्हातारे माळी झारीने पाणी घालत होते. मुक्ताने त्यांना विचारलं आणि मला सांगितलं, "आई, इथे कबर ठरावीक वर्षांसाठीच असते. रुहेत्साइट (विसाव्याची मुदत) संपली, कोणी रिन्यू केलं नाही, म्हणून काढली."

मी हबकलेच. आपण राख नदीत सोडतो, ते लोक मात्र माणसाला कायमची जागा देतात, असं वर्गात मी तीस वर्षं ठणकावून सांगत आले होते.

"मग दगड कुठे आहे?"

"फोडला. रस्त्यासाठी खडी करतात म्हणे."

"कधी?"

"लास्ट ऑटममध्ये. त्याआधी वर्षभर त्यावर स्टिकर होता, नातेवाइकांनी ऑफिसला भेटावं म्हणून." मग ती हळूच म्हणाली, "फोटोचं मी कधी विचारलं होतं गं?"

"त्याच्या आधीच्याच उन्हाळ्यात," मी म्हटलं. आणि बाकावर जाऊन बसले.

माळीबुवांना इंग्रजी येत नव्हतं. दर वर्षी त्या दगडावरचं शेवाळ ते घासून काढत. चार ओळी होत्या, एवढं त्यांना आठवत होतं.

पुण्याला परतल्यावर माझ्या अनुवादाचं पुस्तक छापायला दिलं. छापखान्यातून फोन आला, "बाई, शेवटचं पान कोरं आलंय. काही चूक झालीय का?"

"झालीय, पण माझ्याकडून," मी म्हटलं. "ते तसंच छापा."