नोरीनबाईंची झोळी

माउंट ड्रुइट उपनगरात घरोघरी जाऊन म्हाताऱ्यांची सेवा करणाऱ्या बायकांत मेलेनाइते, सगळ्यांची नाइते, सर्वांत ताकदीची. मूळची टोंगा बेटांवरची. नोरीन ड्वायरबाईंना पलंगावरून खुर्चीत बसवायला कंपनीने यंत्र दिलं होतं. झोळीत बसवा, बटण दाबा, की माणूस अलगद वर. पण वडीलधाऱ्या माणसाला गोणीसारखं टांगायचं, हे नाइतेला पटेना. नियम गेला उडत, ती बाईंना दोन्ही हातांवर उचलायची. अशी चार वर्षं गेली.

एका मंगळवारी उचलतानाच तिच्या कमरेत चमक भरली. बाईंना खुर्चीत नीट टेकवलं, मगच ती खाली बसली. डॉक्टर म्हणाले, मणका सरकलाय.

दुखापतीच्या अर्जावर तिने लिहिलं, ‘चर्चच्या स्वयंपाकघरात पातेलं उचलताना.’ खरं लिहिणं म्हणजे नोरीनआजींकडे बोट दाखवणं, असं तिचं म्हणणं.

“असं लिहिलंस तर कंपनी पैसे देणार नाही, उपचार तुझे तुला करावे लागतील,” ऑफिसातली ग्रेटा म्हणाली. “आणि ही पाठ घेऊन तुला कामावर कोण ठेवणार?”

“बघू,” नाइते म्हणाली. हट्ट म्हणजे हट्ट.

महिन्याभराने कमरेला पट्टा बांधून ती बाईंना भेटायला गेली. बदलीवर आलेली मुलगी यंत्र चालवत होती आणि नोरीनबाई झोळीत पाय हलवत अधांतरी.

“इतक्यात उतरवू नकोस गं,” त्या मुलीला म्हणाल्या. “इथून शेजाऱ्यांचं लिंबाचं झाड दिसतं.”

नाइते बघतच राहिली. “आजी, तुम्हाला हे आवडतं?”

“आवडतं म्हणजे काय! मला वाटायचं, तुला यंत्र चालवता येत नाही. विचारून तुझी लाज कशाला काढा, म्हणून चार वर्षं गप्प बसले.”

नाइतेला रडू आलं. पाठीपेक्षा हे जास्त दुखलं.

“मला उचलतानाच गेली ना पाठ?” बाईंनी विचारलं.

तिने होकाराची मान हलवली. “पण अर्जात तुमचं नाव लिहावं लागेल.”

“मग लिही की. तू परत येशील न येशील, पण जिथे जाशील तिथे म्हाताऱ्यांना आधी विचारत जा, बाई. आम्हाला तोंड आहे.”

नाइतेने तिथूनच ग्रेटाला फोन लावला.