आईचा खोकला अकरा जणांच्या नावावर

त्या हिवाळ्यात आमच्या खानावळीतले अकरा गडी आळीपाळीने विम्याच्या डॉक्टरकडे जाऊन खोकत होते. त्यांतल्या एकालाही खोकला नव्हता. खोकला माझ्या आईला होता, आणि आईला विमा नव्हता.

हे नीट सांगायला हवं, कारण आता ऐकणाऱ्याला ती लबाडी वाटते. माझ्या धाकट्या जावेला एकदा सांगितलं तर ती हसून म्हणाली, म्हणजे सरकारला चुना लावत होतात की तुम्ही. मी तिला तिथल्या तिथे झाडलं. चुना कोणाला लागला ते पुढे कळेलच.

लालबागला एका चाळीच्या तळमजल्यावर आमची एक खोली होती. वडील गिरणीत होते, ते मी लहान असतानाच गेले. तेव्हापासून आई खानावळ चालवायची. जेवणारे सगळे आमच्याच गावचे, मालवणकडचे, वेगवेगळ्या पाळ्यांना जाणारे. तांदळाची भाकरी, माशाचं सार, भात. तीन पाळ्यांची माणसं म्हणजे आमची चूल जवळजवळ विझतच नसे. गडी राहायचे वरच्या मजल्यावर, गावकऱ्यांनी मिळून घेतलेल्या गावकीच्या खोलीत. तिथे माणसं जास्त आणि पथाऱ्या कमी. एक जण उठून कामावर गेला की रात्रपाळीहून आलेला दुसरा त्याच पथारीवर आडवा व्हायचा, अंथरूण गार व्हायच्या आत. ज्याची वस्तू रिकामी पडली असेल ती ज्याला लागेल त्याने घ्यायची, विचारत बसायचं नाही, ही त्या खोलीची रीत होती. पथारी, छत्री, लग्नाला जायचा कोट, सगळ्याला हाच कायदा. त्या रीतीवर त्यांची आयुष्यं निभली, आणि आमचं जे झालं तेही त्या रीतीतूनच झालं.

गिरणी कामगारांचा विमा सुरू होऊन फार वर्षं झाली नव्हती. पगारातून त्याचे पैसे कापले जात आणि त्या बदल्यात ठरलेल्या डॉक्टरकडे औषध मिळे. मात्र कामगाराला एकट्याला. त्याच्या बायकोला नाही, पोरांना नाही, आणि त्याला दोन वेळा जेवू घालणाऱ्या बाईला तर नाहीच नाही. गिरणी चालायला गड्याचे हातपाय धड हवेत, एवढं कोणीतरी धरलं होतं. त्या हातापायांत बळ कुठून येतं, हा प्रश्न कोणाला पडला नव्हता. मला त्याचा राग तेव्हाही यायचा आणि आजही येतो.

मग म्युनिसिपालिटीच्या दवाखान्यात का गेलो नाही? गेलो होतो की. मी मॅट्रिकला नापास होऊन घरी होते, आईला हाताला धरून घेऊन गेले. पहाटे रांग लावली, दुपार होत आली तरी आमच्यापुढची बाकं भरलेलीच. पहिल्या पाळीचे गडी सुटायची वेळ झाली तशी आई उठली. भाकऱ्या कोण थापणार, म्हणाली. आणि दुसरं कारण ती बोलली नाही, पण मला ठाऊक होतं. तिथे कोणी ओळखीचं दिसलं आणि क्षयाचा नुसता संशय चाळीत पसरला, तर तिच्या हातची भाकरी कोण खाणार? खोकल्याने मारलं असतं त्याच्या आधी खानावळ बंद पडली असती.

आमच्याकडे जेवणाऱ्यांत जे वयाने सगळ्यांत मोठे होते त्यांना आम्ही सगळे मामा म्हणायचो. साचेखात्यात, म्हणजे मागांवर कामाला, दांडगे, हट्टी, आणि आपल्याला सगळं कळतं असं मानणारे. त्यांनीच तोड काढली. आमचे पैसे कापतात आणि आम्ही आजारी पडत नाही, म्हणजे आमचं औषध रिकामं पडलंय, ते वयनीने, म्हणजे माझ्या आईने, घ्यावं. अकराच्या अकरा जणांना ते पटलं. रीतच होती ती. दुसऱ्या दिवसापासून एकेक जण रिकामी बाटली घेऊन जायचा, डॉक्टरसमोर खोकायचा आणि लाल औषध भरून आणायचा. डॉक्टरला संशय यायचं कारणही नव्हतं. ते दिवस मोर्चांचे आणि सभांचे होते. मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे म्हणून अख्खं लालबाग रोज ओरडत होतं, आणि ज्याला त्याला घसा बसलेला. आमचे गडी तर पाळी सुटली की सरळ सभेला, तिथून बसक्या आवाजाने डॉक्टरकडे, आणि तिथून आमच्याकडे जेवायला.

औषधाने आराम पडला. आईचा खोकला दबायचा, तिला झोप लागायची. आम्ही सगळे खूश. मामा तर पंगतीत बसून स्वतःचीच पाठ थोपटून घ्यायचे. संध्याकाळी तिला कणकण यायची, ती चुलीची धग म्हणून सोडून द्यायची. चोळी सैल झाली तेव्हा तिने ती दोन्हीकडून टाचून घेतली आणि मला म्हणाली की आता कापड कमी लागेल. ती थट्टा मला तेव्हाही सहन झाली नाही.

एका दुपारी भाकरी थापता थापता तिला उबळ आली. तिने पदर तोंडाला लावला, आणि मग पदराचा तो कोपरा मुठीत धरून एका हाताने थापत राहिली. मी मूठ उघडायला लावली. रक्त होतं. त्या दिवसापासून मी तिला पिठाला हात लावू दिला नाही. गड्यांना सांगितलं, आईचं मनगट दुखावलंय. मामांना मात्र खरं सांगितलं, कारण सांगायला दुसरं होतं कोण?

मामांनी आपली तपकिरीची डबी रिकामी केली, उकळत्या पाण्यात घालायला मला दिली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आईचा बेडका त्या डबीतून नेऊन स्वतःचा म्हणून तपासायला दिला.

तपासणीत क्षय निघाला, तो मामांना. त्यांना कामावरून आजारपणाच्या रजेवर बसवलं. छातीच्या फोटोची रांग लांब होती, पण डॉक्टर भला होता, त्याने फोटोची वाट न बघता इलाज सुरू केला. गोळ्या घरी न्यायच्या आणि सुई दवाखान्यात येऊन घ्यायची. गोळ्या मामांनी आईला आणून दिल्या. सुई काही डबीत घालून आणता येत नव्हती. आणि सुईला गेलं नाही तर गोळ्या बंद झाल्या असत्या. म्हणून तो धडधाकट माणूस रोज उठून जायचा आणि आईची सुई आपल्या कमरेत टोचून घ्यायचा. आल्यावर चोळत बसायचा आणि आईला विचारायचा, वयनी, आज बरं वाटतं काय. जणू इकडे टोचली की तिकडे पोचते.

आईला खरंच बरं वाटत होतं. ताप उतरला, ती थोडी जेवायला लागली. त्या दोन-तीन महिन्यांत मी सगळ्या देवांना कबूल केलेलं सगळं अजून फिटलेलं नाही. बिघडत होतं ते मामांचं. आधी कानात किणकिण यायला लागली, मग जिना उतरताना तोल जायला लागला. उभी हयात साच्यांच्या खडखडाटात काढून त्यांचे कान शाबूत राहिले होते, ते त्या सुयांनी नेले. भाकरी वाढू का, हे त्यांना दोनदा ओरडून विचारावं लागायचं. डॉक्टरला सांगा म्हटलं, तर म्हणाले, सांगितलं तर बंद करील.

शेवटी फोटो निघाला. डॉक्टरने मामांना घरचं माणूस घेऊन बोलावलं, तेव्हा वाचता येणारी म्हणून मी गेले. त्याने फोटो उजेडासमोर धरून नीट बघितला. मग मामांना विचारलं, थुंकी कोणाची आणली होती? मामा म्हणाले, माझीच. डॉक्टर म्हणाला, तुमची छाती माझ्या छातीपेक्षा चांगली आहे. मामांना ते धड ऐकू आलं नाही, पण मला आलं, आणि मी सगळं सांगून टाकलं. मला वाटलं पोलिसात देईल. तो ओरडलासुद्धा नाही. चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाला, आईला आजच्या आज क्षयाच्या दवाखान्यात ने, मी चिठ्ठी देतो, मला तिला औषध देता येत नाही. मामांचा इलाज त्याच दिवशी बंद झाला, म्हणजे आईचाही.

मग जे आम्ही इतके दिवस चुकवत होतो ते सगळं एकदम वाट्याला आलं. रांग, फोटो, पुन्हा रांग. चाळीत बभ्रा झाला आणि खानावळ बंद पडली. पण एक सांगायला हवं, त्या अकरा जणांतला एकही आमच्या दारावरून तोंड फिरवून गेला नाही. इस्पितळात खाट नव्हती. नाव लावून घरी जा, जागा झाली की या, असं सांगायचे. आई सकाळसंध्याकाळ विचारायची, झाली का गं जागा. जागा झाली तोवर पावसाळा निम्मा सरला होता, आणि ती जागाही व्हरांड्यात, खाली, सतरंजीवर. इस्पितळाचं नाव मी घेत नाही. तिथली माणसं वाईट नव्हती.

व्हरांड्याच्या दाराशी आतल्या वॉर्डातल्या दोन खाटा रिकाम्या होत्या. पांढरी चादर, उशी, उशाला तांब्या. त्या विम्याच्या खाटा होत्या. त्यांचा खर्च विम्याकडून यायचा, तेव्हा त्या कामगारांसाठी राखून ठेवायच्या, दुसऱ्या कोणाला द्यायच्या नाहीत. मामा पहिल्यांदा आईला बघायला आले तेव्हा त्यांनी वॉर्डबॉयला विचारून ते समजून घेतलं, म्हणजे त्या बिचाऱ्याला त्यांच्या कानात ओरडून सांगावं लागलं. मग मामा थेट नर्सबाईंसमोर जाऊन उभे राहिले.

"माझे पैसे कापतत," ते म्हणाले. "म्हणजे त्यातली एक खाट माझी. मी काय आजारी नाय. माझी खाट रिकामी आसा तवसर हिका थंय निजांदेत. मी बदली दिलंय, असा समजा."

गिरणीत ते चालायचं. एक गैरहजर राहिला तर त्याच्या साच्यावर बदली कामगार उभा राहायचा. वरच्या खोलीत ते चालायचं. हे इथे का चालत नाही, ते त्यांना खरोखरच कळत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मलाही कळलेलं नाही. नर्सबाई चांगल्या होत्या, त्या मामांचा हात धरून पुन्हा पुन्हा सांगत राहिल्या की तसा नियम नाही. मामांना एक अक्षर ऐकू गेलं नसावं. ते आईच्या सतरंजीपाशी येऊन बसले आणि त्या खाटेकडे बघत राहिले. बाहेरच्या रस्त्यावरून मोर्चा चालला होता, त्याच्या घोषणा आत येत होत्या. आईने मला व्हरांड्याची खिडकी लावायला सांगितलं.

आई व्हरांड्यातच गेली. आता सांगते ती गोष्ट त्याच्या दोनच दिवस आधीची.

इस्पितळातला तरुण डॉक्टर आईला तपासून उभा राहिला. मी आणि मामा सतरंजीच्या दोन बाजूंना होतो. तो माझ्याशी हळू आवाजात बोलला. म्हणाला, सुई आणि गोळ्या दोन्ही मिळून द्यायच्या असतात. नुसत्या गोळ्या गेल्या की रोग मरत नाही, उलट निबर होतो, मग पुढे कशालाच दाद देत नाही. यांचं तसं झालंय. सुरुवातीला नुसत्या गोळ्या दिल्या नसत्या तर आम्हाला काही करता आलं असतं. एवढं सांगून तो पुढच्या सतरंजीकडे वळला.

आईने सगळं ऐकलं होतं. ती माझ्याकडे बघत होती, आणि मग तिने नजर मामांकडे वळवली. मामांनी डॉक्टरचे हलणारे ओठ तेवढे बघितले होते. त्यांनी मला विचारलं, बहिरी माणसं विचारतात तशा मोठ्या आवाजात, अख्खा व्हरांडा ऐकेल असं.

"काय सांगल्यान गो बाय डॉक्टरान?"

मला तेव्हा कोणाचा तरी जीव घ्यावासा वाटत होता. कोणाचा, ते समजत नव्हतं. आईने माझं मनगट धरलं. तिच्या हातात कसलाच जोर उरला नव्हता, तरी धरलं. मी वाकले आणि मामांच्या कानाला तोंड लावून ओरडले, "म्हणाले, तुमच्या गोळ्यांनीच आईने इतके दिवस काढले!"

मामांचा चेहरा फुलला. ते धडपडत उठले आणि शर्ट वर करायला लागले.

"मगे बघतंस काय? इचार त्येंका, मी आणखी सुयो घेतंय."