सेमी आणि साधी

पुण्याहून निघताना माझ्याकडे कपड्यांची एक पिशवी आणि पुस्तिकांचे दोन गठ्ठे होते. गठ्ठे मीच बांधले होते. तीस वर्षं शाळेत शिकवलं, पण मला धड गाठ मारता येत नाही. केम स्टेशन गेलं आणि वरच्या फळीवरचा एक गठ्ठा सुटून समोर बसलेल्या बाईंच्या मांडीवर दहा-बारा पुस्तिका पडल्या. बाई टेंभुर्णीकडच्या, कुर्डुवाडीला उतरणार होत्या. त्यांनी चिडायच्या ऐवजी एक पुस्तिका उचलून मुखपृष्ठ न्याहाळलं.

"काळी हाय की पोरगी. कुटली म्हणायची?"

"अमेरिकेतली. तिथं गोऱ्यांच्या शाळा वेगळ्या आणि काळ्यांच्या वेगळ्या असायच्या. कोर्टाचा निकाल लागला, तेव्हा कुठे हिला गोऱ्यांच्या शाळेत जाता आलं."

"शाळंसाटी कोर्ट?" बाई म्हणाल्या. "लई वाईट की हो." त्यांनी सगळ्या पुस्तिका गोळा केल्या आणि गठ्ठा मला पुन्हा बांधून दिला, माझ्यापेक्षा पुष्कळ चांगला.

आमचं पुण्यात एक लहानसं वाचनमंडळ आहे. सगळे निवृत्त, गुडघे सगळ्यांचेच गेलेले, पण हौस दांडगी. वर्षातून एकदा आम्ही एक पुस्तिका तयार करतो आणि एखाद्या गावात जाऊन पाच दिवस मोठ्याने वाचतो. गावाने ऐकायचं आणि मग बोलायचं. या वर्षीचा विषय होता नागरी हक्क आणि अमेरिकेतल्या त्या वेगळ्या शाळा. दुधनीजवळच्या एका गावातून मल्लिनाथअण्णांचं पत्र आलं होतं. अण्णा निवृत्त शिक्षक, गावचं वाचनालय तेच सांभाळतात. गावाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं तर वाचणाऱ्याला वाटेल की हे त्या एकाच गावात होतं.

सोलापुरात एक मुक्काम केला. लॉजवर पोचवणाऱ्या रिक्षावाल्याने विचारलं, "आगे किदर कू जाना, बाई?" दुधनी म्हटल्यावर तो हसला. "वां क्या है? तूर है और धूप है." जेवायला कडक भाकरी, शेंगांची चटणी आणि दही मिळालं. माझ्या दातांना ती भाकरी झेपत नव्हती, तर वाढणाऱ्या बाईंनी ती चुरून दह्यात भिजवून दिली. इतकं चांगलं मी कित्येक दिवसांत जेवले नव्हते. त्या दुपारी मी अगदी खुशीत होते, हे नमूद करून ठेवते.

सकाळच्या गाडीने अक्कलकोट रोड ओलांडलं की डब्यातली भाषा बदलते. एका वाक्यात अर्धं मराठी, अर्धं कानडी. खिडकीबाहेर काळी जमीन, तूर काढून झालेली, नुसते खुंट उरलेले. दुधनीला अण्णा स्वतः घ्यायला आले होते. पांढरा नेहरू शर्ट, कपाळाला भस्म, आणि दोन्ही हातांनी नमस्कार. "बर्री, बर्री (या, या)," म्हणत त्यांनी दोन्ही गठ्ठे उचलले, मला हात लावू दिला नाही. घरी त्यांच्या पत्नीने हुग्गी (गूळ घातलेली गव्हाची खीर) केली होती. वर तुपाची धार. "ऊटा आतेनरी (जेवण झालं का)?" असं त्या मला दिवसातून चार वेळा विचारायच्या. इतकी माया करणाऱ्या माणसांबद्दल पुढचं लिहायचं माझ्या जिवावर येतंय.

पहिलं वाचन दुपारी चार वाजता देवळाच्या सभामंडपात ठेवलं. जागा मीच निवडली, कारण तिथं पंखे होते आणि माइक होता. चाळीसेक माणसं जमली, निम्म्याहून जास्त बायका. मी वाचायला सुरुवात केली तेव्हा दिसलं की मंडपाच्या बाहेर, पायऱ्यांच्याही खाली, उन्हात आठ-दहा बायका उभ्या आहेत. मी माइकवरून म्हटलं, "आत या की." कुणी हललं नाही. आतल्याही कुणी मान वळवली नाही. मी दुसऱ्यांदा बोलावलं, तेव्हा अण्णा माझ्या कानाशी आले. "केरीतल्या हायत (केरी म्हणजे वेशीबाहेरची वस्ती). कुणी अडवत न्हाय हो त्यांना. तेच येत न्हाईत."

मी पुढे वाचत राहिले. त्या दिवशीचं प्रकरण होतं काळ्या मुलांच्या शाळेचं. फुटके बाक, आणि गोऱ्यांच्या शाळेत वापरून झालेली जुनी पुस्तकं.

संध्याकाळी अण्णांनी तोडगा काढला. "दोन बॅच करू, मॅडम. चारला देवळात, साडेपाचला केरीच्या समाजमंदिरात. सगळ्यांनाच सोयीचं पडतंय." मी हो म्हटलं. खरं सांगते, मला हायसं वाटलं. निदान सगळ्यांना ऐकायला मिळेल, असा हिशोब मी मनाशी केला. काय मूर्ख बाई आहे मी.

दुसऱ्या दिवशी साडेपाचला समाजमंदिरात सतरंजी घातलेली होती आणि माझ्यासाठी खुर्ची. पुढेच एक उंच, सावळी बाई बसली होती, तिचं नाव शोभा. शेतमजुरी करते. तिची मुलगी रूपाली सहावीत, आईला टेकून बसलेली. मी सांगितलं की आता रोज दोन बॅच होतील, एक तिकडे आणि एक इकडे. शोभा जराशी हसली.

"म्हंजे आमी साध्या तुकडीत, व्हय?"

बायका खाली मान घालून हसल्या. मला काही कळेना. मग शोभानेच समजावलं. गावच्या शाळेत पाचवीपासून दोन तुकड्या आहेत. एकीत गणित आणि विज्ञान इंग्रजीतून शिकवतात, ती सेमी. दुसरी सगळी मराठीतून, तिला सगळे साधी म्हणतात. सेमीच्या वर्गाला फरशी आहे, पंखा आहे, संगणक आहे. साधी मागच्या पत्र्याच्या खोलीत भरते.

"सेमीत केरीतली मुलं किती?" मी विचारलं.

"एक बी न्हाय."

"का?"

"सर म्हणत्यात, घरात अब्यास घेणारं कुणी लागतंय. तुमच्यात कोण घेणार?" शोभाने मुलीच्या डोक्यावर हात ठेवला. "हिला चौथीला सगळ्या शाळंत जास्त मार्क होते, बाई. तरी साधीत घातली. दोन वर्सं झाली मी इचारतेय."

गावात कुणालाही विचारा, कुणीही जात म्हणत नाही. केरीतली मुलं असंही म्हणत नाहीत. "साधीतली पोरं" म्हणतात. साधी हा इतका निरुपद्रवी शब्द, चहा, साडी, माणूस, कशालाही लावावा असा. त्या शब्दाने अख्खी भिंत बांधली होती. आणि मी त्या भिंतीच्या दोन्ही बाजूंना जाऊन, एका मुलीच्या शाळाप्रवेशाची गोष्ट रोज दोनदा वाचत होते.

चौथ्या दिवशी मी अण्णांना निक्षून सांगितलं की शेवटचं वाचन एकच होईल, शाळेच्या व्हरांड्यात, आणि वाचेल रूपाली. अण्णा म्हणाले, "तुमची इच्छा. पन शेवट चांगला करा म्हंजे झालं."

शाळेच्या व्हरांड्यात माणसं आली, दोन्हीकडची. गावातली उजवीकडे बसली, केरीतली डावीकडे, मधे माणूस चालेल एवढी जागा राहिली. मुख्याध्यापक खुर्चीत बसले. रूपाली उभी राहिली. केसांना ताजं तेल, गणवेशाला घरच्या घरी केलेली इस्त्री. तिने वाचलं ते प्रकरण असं: काळी मुलगी गोऱ्यांच्या शाळेत पोचते, बाहेर माणसं ओरडत असतात, आणि वर्गात गेल्यावर तिला दिसतं की सगळे बाक रिकामे आहेत, कारण गोऱ्या आईबापांनी आपापली मुलं काढून नेली आहेत. ती एकटी बाकावर बसते आणि बाई तिला शिकवायला लागतात. आमची पुस्तिका तिथंच संपते. रूपाली एकदाही अडखळली नाही. उजवीकडच्या बायका पदराने डोळे पुसत होत्या. मुख्याध्यापकांनी चष्मा काढला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, अगदी मनापासून. अण्णांच्या पत्नीने उठून रूपालीच्या हातावर पेढा ठेवला, वरून, हाताला हात न लागता.

मग शोभा उभी राहिली. आवाज बारीक होता तिचा.

"सर, माझ्या पोरीला सेमीत घ्या की."

मुख्याध्यापकांनी चष्मा परत घातला. "साधीत काय वाईट आहे, बाई? तिथेही शिक्षणच मिळतं."

"मग तुमच्या पोरीला साधीत घाला," शोभा म्हणाली.

अण्णा उठले. रागाने नाही, दुखावल्यासारखे. "अगं, हा अमेरिकेचा विषय हाय. त्यो हितं कशाला आणायचा?" आणि त्यांनी माझ्याकडे बघितलं. सगळ्यांनीच बघितलं. शोभानेही. ती नुसती बघत नव्हती, वाट बघत होती. पाच दिवस मी हक्क, हक्क म्हणून घसा कोरडा केला होता. त्या वेळी फक्त एक वाक्य बोलायचं होतं. पण मी ज्या घरचं तूप खाल्लं होतं ते घर समोर उभं होतं, आणि मला संध्याकाळची गाडी गाठायची होती. मी मूग गिळले. "यावर आपण नंतर शांतपणे बोलू," असं काहीतरी पुटपुटले. शोभा खाली बसली.

आभार झाले, चहा झाला. चहाला दोन किटल्या होत्या.

परतीच्या गाडीत माझ्याकडे फक्त कपड्यांची पिशवी होती. सगळ्या पुस्तिका संपल्या होत्या. मंडळाला याचा फार आनंद झाला. मी अहवाल लिहिला, उपस्थिती उत्तम म्हणून. शोभाबद्दल एक ओळ लिहिली आणि खोडली, कारण मग माझ्याबद्दलही लिहावं लागलं असतं.

जुलैत शोभाचा फोन आला. पुस्तिकेच्या मागे माझा नंबर छापलेला आहे. मी गेल्यावरही तिने शाळेची पायरी सोडली नव्हती. शाळा उघडल्यापासून रोज, मजुरीला जायच्या आधी, मुख्याध्यापकांच्या दारात उभी राहायची. शेवटी त्यांनी रूपालीची परीक्षा घेतली. ती पास झाली. त्यांनी तिला सेमीत घेतलं.

मी आनंदाने काहीतरी बोलायला लागले, तर तिने थांबवलं.

"ऐका तर, बाई. पैल्या दिवशी सगळी पोरं हुती. दुसऱ्या दिवशी निम्मी. आता दुधनीच्या शाळंची गाडी येती गावात. समदी तिकडं गेली. कुणी भांडलं न्हाय, काय न्हाय. चांगली शाळा हाय म्हणून गेलो, म्हणत्यात. सेमीत ती एकटीच हाय आता. वर्गात पंखा लावत न्हाईत. एकटीसाटी कशाला म्हणत्यात."

"अण्णा काही म्हणाले नाहीत?"

"अण्णांचा नातू पैला गेला."

मी म्हटलं, मी येते, कुणाला तरी भेटू, अर्ज करू. ते सगळं खरंच करता येण्यासारखं आहे आणि त्यातलं थोडं मी पुढे केलंही. पण दुधनीच्या शाळेत गेलेली मुलं परत त्या वर्गात आणून बसवणारा अर्ज अजून कुणी लिहिलेला नाही, हे आम्हा दोघींनाही ठाऊक होतं. शोभा व्हय, व्हय म्हणत राहिली. मग म्हणाली, "पोरीला काय तरी इचारायचंय तुमाला."

रूपाली फोनवर आली. तिचा आवाज वाचताना होता तसाच स्वच्छ होता.

"बाई, ती पुस्तकातली मुलगी वर्गात एकटी किती दिवस बसली?"

आम्ही ते पुस्तिकेतून गाळलं होतं. मूळ मजकुरात होतं, पण बैठकीत ठरलं की वाचणाऱ्यांना फार जड जाईल, शेवट आशेचा असू द्या. गाळा म्हणणारी मीच होते. ती मुलगी अख्खं वर्ष एकटी बसली होती. सुट्टीत एकटी जेवली होती.

"थोडेच दिवस," मी म्हटलं. "मग आली सगळी."

पलीकडे ती क्षणभर हिशोब करत असावी.

"मग बसते," ती म्हणाली, आणि फोन आईकडे दिला.